अंचनचं शेपूट

थायलंडमधल्या नाखोन चाय सीच्या देवळाशेजारच्या बाजारात लमोमसारखा हार गुंफणारी दुसरी कुणी नव्हती. मोगऱ्याच्या कळ्या ती लांब सुईवर अशा काही चढवायची, की हार हाताने केलाय यावर विश्वास बसू नये. आईच्या मांडीला मांडी लावून ती हे शिकली. पुढे आई गेली, वडिलांची पपनसाची बाग विकली गेली, लग्नाची बोलणी दोनदा आली आणि विरून गेली. सुई तेवढी चालत राहिली. नदीवर नवा पूल उभा राहिला, तो तिने वर्षभराने पाहिला, तोही कुणीतरी दाखवला म्हणून.

अशा बाईने मासा पाळला, तेव्हा गल्लीला नवल वाटलं. घेतला तो निव्वळ रंगावर भाळून. झुंजीच्या जातीचा नर, गोकर्णीच्या फुलासारखा निळा, म्हणून गोकर्णीला तिथे म्हणतात तेच नाव त्याला ठेवलं, अंचन. हाराच्या पाटाजवळ काचेची बरणी असायची. लमोमने काचेला बोट लावलं की अंचन वर यायचा.

त्याची बरणी उघडीबोडकी दिसते म्हणून लमोमने त्यात प्लॅस्टिकचं एक कमळ सोडलं. एका सकाळी बोट लावलं, तर अंचन आला नाही. तळाशी कलून पडला होता, आणि शेपटाची कड किडीने खाल्लेल्या पानासारखी फाटली होती.

दुकान तसंच टाकून, बरणी पोटाशी धरून ती कालव्यापलीकडे थोरल्या भावाकडे गेली. प्रयोंगने तरुणपणी झुंजीचे मासे पाळले होते. त्याच्या माशांचं नाव पार दुसऱ्या तालुक्यापर्यंत होतं, आणि त्यापायी बायकोचे टोमणेही त्याने जन्मभर खाल्ले होते.

"दादा, मरेल का रे हा?"

प्रयोंगने कमळ बाहेर काढलं आणि पाकळीवरून अंगठा फिरवला.

"हात लावून बघ. पाती आहे पाती! एवढं नाजूक शेपूट, आणि तू त्याच्या घरात सुऱ्या लावून ठेवल्यास?"

"नंतर रागव. आधी उपाय सांग."

"अगं, शेपूटच फाटलंय, अंग धड आहे. रांजणातलं पावसाचं पाणी घे. देशी बदामाचं वाळलेलं पान त्यात टाक, पाणी कोऱ्या चहासारखं झालं पाहिजे. चिमूटभर जाडं मीठ. रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. बरणी सावलीत ठेव. आणि बोट दाखवून त्याला नाचवू नकोस. चिडला की तो पंख फुलवतो, आणि फुलवले की पुन्हा फाटतात."

लमोमने सगळं तसंच केलं. देवळामागच्या झाडाखालून तिने पानं वेचली, त्यातलं कुठलंही डागाळलेलं घेतलं नाही. शेजारची मिठाईवाली सायबुआ नारळ खोवता खोवता बघत होती.

"काय गं लमोमताई, माशाचं बाळंतपण काढलंयस की काय? डिंकाचे लाडू पाठवू?"

"तू नारळ खोव. बोटं खोवशील बघ."

पण दुपारी पाणी बदलायच्या वेळी सायबुआच आधी डोकावायची.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. अंचन पानाआड पडून असायचा, दिलेल्या अळ्या तशाच तरंगायच्या. मग त्याने एक अळी खाल्ली. आणि एके दिवशी ऊन तिरपं येत असताना लमोमला फाटलेल्या कडेला काहीतरी दिसलं. गिऱ्हाईक उभं होतं, तरी तिने सुई खाली ठेवली.

भाताच्या पेजेवर धरते ना साय, तिच्याहून पातळ असं काहीतरी त्या कडेतून पुढे आलं होतं. त्याला रंग नव्हता. पलीकडचं बदामाचं पान त्यातून स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी पुढे सरकलं. त्यात केसाहून बारीक काड्या उमटल्या, प्रत्येक जुन्या काडीच्या टोकाला नवी, नेमकी तिच्याच रेषेत. जन्मभर कळीला कळी जोडत आलेल्या लमोमला वाटलं, हे कोण गुंफतंय? सुई नाही, दोरा नाही, आणि सांधा शोधून सापडत नाही.

तिने प्रयोंगला बोलावून घेतलं. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"तू तर असे किती मासे बरे केलेस," लमोम म्हणाली.

"केले. बरण्यांना कागद गुंडाळायचो, अंधारात ठेवायचो. शेपूट भरलंय का एवढंच बघायचो, भरलं की पुन्हा झुंजीला." तो अजून बरणीतच बघत होता. "हे असं येतं, ते कधी बघितलंच नाही गं."

त्यानंतर प्रयोंग रोज यायला लागला. निमित्त कधी केळ्यांचं, कधी छत्री विसरल्याचं. हळूहळू त्या सायीत निळाई उतरली, मुळाशी आधी, मग टोकाकडे, कापडाला पाणी चढावं तशी.

शेपूट जवळजवळ भरलं, आणि एका सकाळी पाण्यावर फेस दिसला. पाण्यात साबण गेला? की नवंच काही दुखणं? प्रयोंग आला, त्याने पाहिलं आणि खदखदून हसला.

"वेडे, घर बांधतोय तो! मादीसाठी. तिची अंडी ठेवायला."

"पण इथे मादी आहे कुठे?"

"नाही. त्याला त्याचं काय!"

अंचन वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि पानाच्या आडोशाला एक बुडबुडा सोडायचा. मग दुसरा, पहिल्याला अगदी खेटून. एखादा फुटला की तिथेच नवा. नारळाचे हात तसेच घेऊन सायबुआही येऊन उभी राहिली होती, पण तिला थट्टा सुचली नाही.

देवळाकडे निघालेल्या एका म्हातारीने हार मागितला. लमोमने तिला हाताला धरून बरणीपाशी आणलं.

"देते आजी. आधी हे बघा."