दुसऱ्या गिअरचा माणूस

शर्यतीची गाडी घेऊन ती हळू चालावी म्हणून आयुष्याची अडीच वर्षं खर्ची घालणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना आमच्याकडच्यांनी मुलीचं शिक्षण विचारलं, पत्रिका पाहिली, घराणं पाहिलं. मामाची चौकशी करावी असं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती केली असती तर माझ्या दोन पांढऱ्या पँटी वाचल्या असत्या. पण मग पुढे जे पाहायला मिळालं ते मिळालं नसतं, तेव्हा पँटींबद्दल माझी तक्रार नाही.

मामा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. तीस वर्षं समुद्रावर कट्ट-कड-कट्ट करून निरोप पाठवण्यात गेली, त्याचा परिणाम असा की निवृत्त होऊन रत्नागिरीत घरी आल्यावरही ते तारेतल्यासारखेच बोलत. क्रियापद म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटे. आमच्या लग्नात आम्ही दोघं पाया पडलो तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला तो असा : "सुखी. दोघं. कायम." एवढं बोलून ते जिलबीकडे वळले. जेवताना तर ते तेवढंही बोलत नसत. ताटाच्या कडेवर बोटाच्या पेरानं टकटक करत. गंमत म्हणजे मामींना ते सगळं कळे. तीस वर्षांत त्या माउलीनं आमटी, भात, पुरे आणि 'मीठ कमी' एवढी लिपी आत्मसात केली होती, आणि उत्तर द्यायचं झालंच तर त्या पळीनं पातेल्यावर देत. पहिल्यांदा मी त्या घरी जेवायला गेलो तेव्हा नवराबायकोचं भांडण चाललंय असं वाटून मी घाईघाईनं ताक पिऊन उठलो होतो.

तर अशा माणसानं निवृत्त होताना हँबुर्गहून एक लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी जर्मन गाडी आणली. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. गावात गाड्या म्हणजे डॉक्टरांची एक, दोन-चार बागायतदारांच्या आणि बाकी सगळी रिक्षा आणि एस.टी.ची कृपा. सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी मामांना चळ लागला. कुणी विचारी, "किती पळते हो?" मामा म्हणत, "ठाऊक नाही." आणि खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी का घेतली याचं कारण त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही मी जावई पडलो म्हणून. "बुटकी. वळणावर झुलत नाही. मामी."

याचा उलगडा असा की मामींना गाडी लागायची. लागायची म्हणजे किती? स्टँडवर एस.टी. नुसती उभी असली तरी तिच्याकडे बघून त्या पदर तोंडाला लावत. लग्न होऊन सासरी येताना वऱ्हाडाची गाडी सात वेळा थांबवावी लागली होती. त्यांचं माहेर संगमेश्वरच्या पुढे, नदीकाठच्या एका वाडीत. भावाच्या लग्नाला गेल्या त्या दोन दिवस अंथरुणाला खिळून परत आल्या, आणि त्यानंतर नऊ वर्षं माहेरची वाट त्यांनी धरली नव्हती. आई थकलेली, तिला येता येत नाही. लेकीला जाता येत नाही. मध्ये रस्ता जेमतेम दोन तासांचा.

गाडी बुटकी होती, वळणावर झुलत नव्हती, हे सगळं खरं. पण दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवली की गचके देई. मामांनी याचा छडा लावला. गाडीचा विषय निघाला की त्यांची क्रियापदं परत येत, तेव्हा हे मला त्यांच्याच तोंडून समजलं. सीटखाली पत्र्याचा चपटा डबा, त्यात गाडीचा कॉम्प्युटर. त्याच्या आत एक काळी चिप, पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असलेली. त्या चिपमध्ये एक तक्ता साठवलेला. इंजिन किती फिरतंय आणि त्याच्यावर भार किती, हे पाहून गाडी त्या तक्त्यातला चौकोन शोधते. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची ते तिथे लिहिलेलं असतं. "जर्मनांनी तक्ता सरळ रस्त्यांसाठी मांडला," मामा म्हणाले. "वरच्या रांगा सुरेख. दुसऱ्या गिअरच्या रांगा उरकून टाकल्यात. आणि आपलं सगळं कोकण दुसऱ्या गिअरमध्ये आहे!" मग त्यांनी ठरवलं, तक्ता आपण नव्यानं मांडायचा. चिपवर आकडे चढवायचं यंत्र त्यांनी सिंगापूरच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मागवलं, तीन कोऱ्या चिपा मागवल्या, आणि चिपेतल्या हजारो आकड्यांतून नेमका तो तक्ता हुडकून काढायला दीड वर्ष घालवलं.

तो तक्ता, सोळा आडव्या रांगा आणि सोळा उभ्या, त्यांनी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर काढून ओटीवरच्या भिंतीला लावला होता. पेन्सिलीनं आकडे भरायचे, खोडायचे, पुन्हा भरायचे. शेजारचे एक गृहस्थ ते चौकोन बघून समजले की मामा पत्रिका मांडायला लागले. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून ते बिचारे ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "काही दिसतंय का हो?" मामांनी तक्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "साडेतीन हजारावर थोडी गडबड आहे. बाकी ठीक." गृहस्थ पांढरेफटक पडून घरी गेले. मुलीचं लग्न त्याच वैशाखात जमलं, आणि ते पेढे घेऊन मामांच्या पाया पडायला आले, त्याला मामा तरी काय करणार?

एक अडचण होती. चिपेवरचं जुनं पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही, आणि पुसायचं ते त्या काचेच्या खिडकीतून प्रखर उजेड आत घालून. त्यासाठी वेगळा दिवा मिळतो, पण मामा म्हणाले, "ऊन. फुकट." आठ दिवस कडक उन्हात ठेवली की चिप सगळं विसरते. तेव्हा मामींच्या अंगणात सुपात आमसुलं वाळत, शेजारी कुरडया वाळत, आणि कुरडयांच्या कडेला जर्मन गाडीची अक्कल वाळत असे. मामी काठी घेऊन तिघांची राखण करत. तरी एके दुपारी त्यांचा डोळा लागला आणि कावळ्यानं एक चिप उचलून नेली. आमसुलांना त्यानं चोच लावली नव्हती. मामा दोन दिवस माडांच्या शेंड्यांकडे बघत हिंडले, मग म्हणाले, "दोन उरल्या. पुष्कळ."

आता पँटींचं सांगतो. तक्ता बदलला की गचका किती कमी झाला ते मोजायचं कसं? मामांनी त्यासाठी मला निवडलं. पांढरी पँट घालून मी शेजारी बसायचं, हातात काठोकाठ भरलेला कोकम सरबताचा वाडगा धरायचा, आणि गाडी पालीपर्यंत जाऊन यायची. "पाणी चालणार नाही का?" मी विचारलं. "डाग दिसत नाही," मामा म्हणाले. परत आल्यावर ते मला ओटीवर उभं करून गुडघ्यापासून वरचे डाग मोजत आणि तक्त्याच्या कडेला आकडा टिपून ठेवत. नव्या जावयाचं असं कौतुक रत्नागिरीत दुसऱ्या कुणाचं झालं नसेल. एकोणीस डागांवरून आम्ही हळूहळू चारांवर आलो.

आणि मग माहेरचं कार्ड आलं. मामींच्या भावानं लिहिलं होतं : आईच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय. एक डोळा गेला, दुसऱ्यानं थोडं दिसतं. पावसाळ्यानंतर तेही राहील असं डॉक्टर म्हणत नाहीत. ती एकच म्हणते, दिसतंय तोवर ताईचं तोंड बघायचंय. त्या दिवशी मामांनी ताटावर टकटक केली नाही. मामींनी न विचारता वाढलं आणि ते वाढलं तेवढं जेवून उठले.

दुसऱ्याच सकाळी ते मामींना घेऊन निघाले. मी ओटीवर बसून होतो. तासाभरात गाडी परत आली. हातखंब्याच्या अलीकडेच सगळं झालं होतं. मामी भिंतीचा आधार घेत आत गेल्या आणि तोंड फिरवून आडव्या झाल्या. "जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "भावाला कळवा, नाही जमत म्हणून. एवढं काय माझं तोंड लागून गेलंय!" मामा गाडीचं दार धरून अंगणात उभे होते. मग त्यांनी आत येऊन, गाडीच्या गप्पा सोडता, आयुष्यातलं पहिलं लांब वाक्य माझ्यासमोर मामींना ऐकवलं. "मला अजून दोन हप्ते दे, तोवर आईला नाही म्हणून कळवायचं नाही."

चूक कुठे झाली ते त्यांना त्या संध्याकाळी उमगलं. चूक माझी होती. मी तेव्हा काडीसारखा होतो. सगळा तक्ता माझ्या वजनावर जुळवलेला. वजन वाढलं की इंजिनावर भार वाढतो आणि गाडी वेगळ्याच चौकोनात जाते. तेव्हा मामींचं वजन कळायला हवं. जेवताना मामांनी ते ताटावर अगदी हळू टकटकून विचारलं. मामींनी पळी पातेल्यावर एकदाच आपटली. त्याचा अर्थ मलासुद्धा कळला.

मग मामांनी अंदाजानं सोललेले नारळ पोत्यात भरले, पोतं सीटवर बसवलं, त्याला पट्टा बांधला आणि आठवडाभर सड्याच्या उघड्या माळावर, घाटात, रोज त्या पोत्याला फिरवलं. एक चिप उन्हात, एक गाडीत. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मामींनी मला बोलावून विचारलं, "नारळ किती घातले हो, जावईबापू? खरं सांगा." मी इकडेतिकडे बघू लागलो. मामाच मागून म्हणाले, "एकशे चार. भेटीच्या फणसासकट." मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागवायचं की हसायचं ते त्यांचं ठरेना. शेवटी त्या उठून उन्हातली चिप उलटी तर पडली नाही ना, ते बघून आल्या.

मे संपायला आला होता. त्या दिवशी गाडीत जागा नाही म्हणून आमसुलं, फणसपोळी, काजूगर आणि आईचं लुगडं घेऊन मला एस.टी.नं पुढे पाठवलं. मी दोन तासांत वाडीत पोचलो. भावाच्या ओटीवर अख्खी वाडी जमली होती. शर्यतीची गाडी बघायची म्हणून पोरंटोरं झाडांवर चढली होती. तास गेला. दीड तास गेला. भाऊ म्हणाला, "परत तर नाय ना गेली?" मी लुगड्याची घडी मोडून पुन्हा घालत बसलो.

आणि मग काही आवाज न करता ती लाल गाडी वळणावरून आली. स्टिअरिंग परदेशी तऱ्हेनं डाव्या हाताला, त्यामुळे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे मामी, हात मांडीवर, डोळे मिटलेले. ताई स्वतः गाडी हाकत आली, तेही डोळे मिटून, असं वाडीत आजही काही जण शपथेवर सांगतात. मामींनी डोळे उघडले. तोंड कोरडं होतं. रंग चांगला होता. त्या उतरल्या आणि धावत, अगदी धावत ओटी चढल्या.

आईनं त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "हयसर हो, उजेडात. अशी." जवळ ओढून, एका डोळ्यानं, कपाळापासून खाली सावकाश बघितलं. "किती वाळलीस गो," ती म्हणाली. मामी हसल्या आणि मग रडल्या, आणि आम्ही सगळे विनाकारण अंगणातल्या फणसाकडे बघू लागलो.

दुपारी आई म्हणाली, मला पण बसव त्यात. मामांनी आणि भावानं तिला उचलून सीटवर ठेवलं. नदीपर्यंत जाऊन यायचं. मामा इतक्या हळू निघाले की मामी आणि मी गाडीला हात लावून बाजूनं चालत होतो. नदीवर गाडी वळली, परत अंगणात येऊन थांबली. आईच्या कानांनी केव्हाच रजा घेतली होती आणि डोळ्यांना दूरचं काही दिसत नव्हतं. ती जरा वाट बघून म्हणाली, "अहो, मघापासून बसल्ये मी. चालू कधी करणार?"

भाऊ सांगायला पुढे झाला. मामांनी हातानं त्याला थांबवलं. मग ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे काय, आत्ता करतो," आणि त्यांनी तिला पुन्हा नदीपर्यंत नेऊन आणलं.

त्यानंतर मामांनी त्या तक्त्यातला एकही आकडा बदलला नाही. आईचा उरलेला डोळा दिवाळीपूर्वी गेला. पण मामी दर महिन्याला जात राहिल्या, आणि आई पुढे सहा वर्षं लेकीला हातानं चाचपून वाळल्याची खात्री करून घेत राहिली. आता आई नाही, मामाही नाहीत. ती लाल गाडीही मामांच्या मागे कुणाला चालवता आली नाही.

गेल्या महिन्यात मामींना भावाच्या नातवाच्या मुंजीला न्यायचं होतं, म्हणून माझ्या नव्या गाडीतून घेऊन निघालो. हल्लीच्या गाडीत म्हणे डझनावारी कॉम्प्युटर असतात. निवळीच्या घाटात दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा मामी रस्त्याकडेच्या दगडावर लिंबू हुंगत बसल्या होत्या. मी ओशाळून म्हणालो, "एवढी महागाची गाडी, मामी, पण बघा ना!" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"गाडीचा दोष नाही हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ती सगळ्यांसाठी केलेली आहे."