रामीनं लपवलेली हुशारी

वावर गावाजवळच्या पाड्यावरची रामी तशी खोटं बोलणारी बाई नव्हती. आयुष्यात ती एकच खोटं बोलली. ते मात्र वर्षानुवर्षं आणि सगळ्या पाड्यासमोर बोलली. आपली मीना येडी आहे, तिच्या डोक्यात काही शिरत नाही, हे ते खोटं.

याचं मूळ मीनाच्या जन्माच्याही आधीचं. रामीचा पहिला मुलगा रूपेश चार वर्षांचा होता, पण बोलायला बसला की मोठी माणसं हातातलं काम सोडून ऐकायची. भगताची नक्कल तो अशी करायचा की खुद्द भगत हसायचा. वाटेत पडलेलं पीस उचलून कोंबडी कुणाची ते सांगायचा. पाड्यावरची निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली, ती म्हातारी सुकरी मात्र त्याच्याकडे बघून मान हलवायची. "जाम हुशार हाय गो तुजा पोर," ती रामीला म्हणाली होती. "असा पोर टिकत नाय. देव त्याला परत बोलवून घेतं."

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात घरातली नागली संपली. रूपेशचे पाय सुजले, मग जुलाब लागले. लाडक्यानं, म्हणजे रामीच्या नवऱ्यानं, त्याला खांद्यावर घातलं आणि दवाखान्याची वाट धरली, तर ओढा भरून वाहत होता. पोर ओढ्याच्या अलीकडेच गेलं. शेजारच्या हौशीचा काळ्याही त्याच दिवसांत गेला. तो हुशार होता की मठ्ठ, हे कुणी विचारलं नाही. आसपासच्या पाड्यांवरही पोरं गेली, तेव्हा गाड्या आल्या, साहेब आले, फोटो निघाले. सुकरी तेवढी म्हणाली, "मी बोलली नव्हती?" आणि पाड्याला ते पटलं. रामीलाही पटलं. पोटचं पोर गेल्यावर माणसाला कसलं तरी कारण लागतं, आणि हे आयतंच हाताशी होतं.

पुढच्या वर्षी मीना झाली. पोर रांगायला लागली तशी रामी धास्तावली, कारण ही रूपेशच्याही वरचढ निघणार हे आईला दिसत होतं. रामीनं तिच्या गालाला काजळाचं बोट लावलं, तिला चारचौघांत येडी म्हणायला सुरुवात केली, आणि बोलायला लागल्यावर एकच धडा पक्का करून घेतला.

"कुनी काय इचारलं त काय सांगशील?"

"ठावं नाय."

मीनाला तो खेळ वाटला. ती इतकी झकास मठ्ठ दिसायची की सुकरीनंसुद्धा समाधानानं सांगितलं, ही पोर टिकेल. मठ्ठ दिसायलाही डोकं लागतं, हे म्हातारीच्या ध्यानात आलं नाही.

पोरीला आश्रमशाळेत घातलं ते शिकण्यासाठी नव्हे. तिथं दोन वेळचं जेवण होतं. जाताना रामीनं पुन्हा बजावलं, आणि मीनानं शब्द पाळला. फळ्यावर काय लिहिलंय? ठावं नाय. पाढा म्हण. ठावं नाय. ती तिसरीत नापास झाली आणि पुन्हा तिसरीतच बसली. आईचं ऐकणारी अशी लेक मिळायला नशीब लागतं.

दुसऱ्या वर्षी आषाढात मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं. गडीमाणसं भाताच्या आवणीला जुंपलेली, त्यामुळे आल्या त्या बहुतेक बायाच. हौशीला तर यायलाच जमलं नाही. "माझ्या गौराचंबी बघ," असं तिनं रामीला सांगून धाडलं होतं. गौरा ही काळ्याच्या पाठची. ती खरोखरच मंद होती, सोंग नव्हतं. सुकरी नातवासाठी आली होती आणि व्हरांड्यात रामीला खेटून बसली.

मुख्याध्यापक रोहिदास सर जव्हारचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी हौसेनं वर्तमानपत्र उघडलं आणि एक बातमी वाचून दाखवली. परदेशातल्या कुठल्याशा विद्वानांनी म्हणे शोधून काढलं होतं की लहानपणी ज्यांची बुद्धी तल्लख असते, ती माणसं जास्त वर्षं जगतात.

सुकरी तोंडाला पदर लावून हसली. "आमच्याकडं उलटं हाय, सर. हुशार पोर आधी जातं."

"हे तुमचं अडाणीपण," सर म्हणाले आणि रामीकडे वळले. "बाई, तुमच्या मीनाला घरी न्या. त्या गौरालाही न्या. दोघींच्या डोक्यात काही शिरत नाही आणि जागा अडून राहिल्यात. बाहेर हुशार पोरं थांबलीत."

रामी समोर उभ्या मीनाच्या पायांकडे बघत राहिली. इथल्या डाळभातानं ते जरा भरले होते. घरी कणगीत खराट्याला लागेल एवढीही नागली नव्हती. लाडक्या आणि ती कंद उकडून खात होते. पोर जगावी म्हणून जी हुशारी तिनं दडवली, तीच दडवादडवी आज पोरीचं ताट काढून घेत होती. रामीला आपलीच चीड आली.

ती उठली. सुकरीनं पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"मीना, सरांच्या हातातला कागद वाच."

मीना आईकडे बघून म्हणाली, "ठावं नाय." व्हरांडाभर हसू पसरलं.

"आता तसा नाय बोलायचा. मी सांगते ना. वाच."

मीनानं वर्तमानपत्र घेतलं. पहिल्या ओळीला अडखळली, मग सरांनी मघाशी वाचलेली बातमी सरांपेक्षा मोठ्या आवाजात वाचत गेली. सुकरीनं डोळे मिटून घेतले. सर मात्र खूश झाले. "अहो, ही तर हुशार आहे! मग राहू दे की हिला. गौराला तेवढी घेऊन जा."

रामीचं काम झालं होतं. तिला गप्प घरी जाता आलं असतं. पण त्या 'मग'नं तिचं डोकं फिरलं.

"हुशार नसती त?" ती म्हणाली. "त मी तिला घरी मरायला न्यायची?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"मंग कसं? सुकरीआजे, तूबी ऐक. माझा रूपेश हुशार होता, तो मेला. हौशीचा काळ्या मठ्ठ होता, तोबी मेला. देवानं कुनाला बोलवलं नाय. दोघांच्या घरात दाना नव्हता." मग ती सरांकडे वळली. "इतकी वर्सं मी माज्या पोराच्या हुशारीला दोस दिला. आता नाय देनार. सर, तुमच्या पेपरात ती मानसं जास्ती जगली म्हनतात. ती जेवत काय होती, ते लिवलंय का?"

सरांनी नकळत वर्तमानपत्राकडे पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. रामीनं एका हातात मीना धरली, दुसऱ्या हातात गौरा, आणि पोरांच्या पंगतीत दोघींना शेजारीशेजारी बसवलं. स्वतः त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिली. भाताचं घमेलं घेऊन आलेली कामाठीबाई गौरापाशी थबकली आणि सरांकडे बघू लागली.

"माझी मीना हुशार हाय," रामी सुकरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आन गौरा नाय. दोघींना भूक लागलीय."

सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "वाढा."

पुढे मीना जव्हारला शिकली, नर्स झाली, आणि येडी म्हणून हाक मारली की आजही आईवर डाफरते. गौराला मात्र अजून स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही. ती जिवंत आहे.