त्यांच्यासाठी पायथन, माझ्यासाठी आर

आमच्या घरी एक नियम होता. दारात जो येईल त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. निपाणीत आमच्या गल्लीत मीटर बघायला येणारा कन्नड बोलायचा, गादी पिंजणारा हिंदी. मी मराठीतच उत्तर दिलं की आई आतून म्हणायची, "त्यांच्या भाषेत बोल रं, दारात आलाय माणूस." हा नियम मी पुढं कॉलेजातही पाळला आणि त्यानं मला गोत्यात आणलं.

मी बेळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. अतिथी व्याख्याता, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक, तीही तास असतील तरच. माझ्यासारख्याच अतिथी असलेल्या एक मॅडम बरीच वर्षं माझ्याबरोबर आहेत. टिळकवाडीत राहतात, घरी कन्नड. गेल्या वर्षी आमचे दोघांचेही तास कमी झाले. विभागप्रमुख म्हणाले, डेटा विश्लेषणाचा नवा कोर्स बसवा, एक धडा करून दाखवा, मंजूर झाला तर पुढच्या वर्षी काम आहे. नाही झाला तर काय, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

धडा नोटबुकमध्ये करायचा ठरला. नोटबुक म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमधलं एक लांबलचक पान. एका चौकटीत कोड, खाली लगेच उत्तर, मध्ये समजावणारा मजकूर. पोरांना शिकवायला झकास. फक्त ते पान एका वेळी कोडची एकच भाषा चालवतं. ती चालवणाऱ्या यंत्रणेला कर्नेल म्हणतात. एडिटर स्वतःहून पायथन धरून चालतो. दुसरी भाषा हवी असेल तर तिचं कर्नेल वेगळं बसवायचं आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन निवडायचं. मॅडमचं सगळं काम पायथनमध्ये, माझं पहिल्यापासून आर नावाच्या दुसऱ्या भाषेत. आकडेवारी घेतली उसाच्या उताऱ्याची, म्हणजे उसातून साखर किती निघाली त्याची. ती साफसूफ करायची मॅडमनी, आलेख आणि अंदाज माझ्याकडं. शेवटी दोन्ही भाग एका नोटबुकमध्ये जोडायचे. कुठल्या भाषेत, हे कुणीच बोललं नाही.

विचारायचं कशाला? मॅडमची भाषा घ्यायची हे मी मनाशी धरलंच होतं. निपाणीहून येता-जाता रोजच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन पायथन शिकलो. आरमध्ये मोजणी एकपासून सुरू होते, पायथनमध्ये शून्यापासून. शून्यापासून कोण मोजतं? एवढ्या एका गोष्टीवर मी संकेश्वर येईपर्यंत चरफडत असायचो. पण माझा सगळा भाग पायथनमध्ये पुन्हा लिहून काढला.

धड्याच्या दिवशी प्रमुख यायच्या जरा आधी आम्ही मॅडमच्या लॅपटॉपवर दोन्ही भाग जोडले. पहिलीच चौकट चालवली आणि खाली लाल अक्षरांत चुकांची रांग. बघतो तर मॅडमचा भाग अख्खा आरमध्ये. त्यांनी आरचं कर्नेल शोधून, धडपडत बसवून, आपलं सगळं काम माझ्या भाषेत नव्यानं लिहिलं होतं. आता आरचं कर्नेल ठेवावं तर माझा भाग अडायचा, पायथनचं ठेवावं तर त्यांचा.

"सर, तुम्ही पायथनमध्ये कशाला लिहिलंत?" त्यांनी मराठीत विचारलं.

"निमगोस्कर," मी कन्नडमध्ये म्हणालो. तुमच्यासाठी.

रागवायलाही वेळ नव्हता. पानाचे पुन्हा दोन भाग केले. पहिल्याला आरचं कर्नेल, त्यातून साफ केलेली फाइल बाहेर काढायची. दुसऱ्याला पायथनचं, त्यात ती फाइल वाचायची. दोन्ही चालले. त्यांनी आर समजावलं, मी पायथन, आणि प्रमुख मान डोलावत राहिले.

"कोर्स मंजूर," ते शेवटी म्हणाले. "आणि तुम्हा दोघांनाही दोन्ही भाषा येतात. मग एकच माणूस पुरेल की. कोण राहणार, ते तुम्हीच ठरवून सांगा."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मॅडम मराठीत म्हणाल्या, "तुम्हीच घ्या सर, रोज एवढ्या लांबून येता." मी कन्नडमध्ये म्हणालो, "नीव तगोरि मॅडम." तुम्हीच घ्या. पुन्हा त्या, पुन्हा मी. असं चाललं असताना मला माझीच चीड आली. घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालतं आणि मी इथं पाहुणचार करत उभा होतो. भीड भिकेची बहीण, असंही आईच म्हणायची. ते बरं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मॅडम, मला हे तास पायजेत," मी म्हणालो. "लई पायजेत."

मग त्या म्हणाल्या, "ननगू बेकु." मलाही हवेत. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच कन्नडमध्ये बोलल्या.

आत जाऊन आम्ही प्रमुखांना तेच सांगितलं, मी मराठीत, त्यांनी कन्नडमध्ये. तास निम्मे निम्मे वाटून मिळाले. निम्म्यात भागत नाही. मी संध्याकाळी पिरनवाडीत एका क्लासला शिकवतो आणि निपाणीची ठरलेली बस कधीकधी चुकते. त्या दिवशी मला त्यांचा राग येतो. त्यांनाही माझा येतो. पण तो आता आम्ही एकमेकांना तोंडावर सांगतो, आपापल्या भाषेत.