मरियमने गुंडाळलेली तार

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत हसनचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं, छोटं दुकान. बायको मरियम मोरा बंदरावरची, लहानपणी बापाची मासेमारीची जाळी विणून वाढलेली. ती अधूनमधून दुकानात यायची, जळक्या तारा सोलून द्यायची. गेल्या वर्षी हसनला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. तळवलीतल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दुकान विकायचंच ठरत होतं.

तेवढ्यात सयाजी घरी आला. कर्जतच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. तिथे ओढ्याच्या पाण्यावर छोटं टर्बाइन फिरायचं नि घराघरांत दिवे लागायचे. पावसात पाणी शिरून जनरेटर जळला होता. तो टेम्पोत घालूनच आणला होता.

"काम बंद केलंय," हसन म्हणाला.

"भाई, वाडीत परत रॉकेलच्या चिमण्या काढल्यात," सयाजी हळूच म्हणाला. "पोरं धुरात अभ्यास करतात."

हसनने परत भिंतीकडे तोंड वळवलं. मरियमने चहा पुढे केला. "दुकानावर उतरवा. मी करते."

दुसऱ्या दिवशी तिने हसनला रिक्षात घालून दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं. जुनी कॉइल उपसून नवी तार गुंडाळायला घेतली.

"सैल हाय. काढ," हसन म्हणाला.

तिने काढली. पुन्हा गुंडाळली.

"अजून सैल."

"मग तुमीच करा ना!" म्हणाली, आणि जीभ चावली.

हसन तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा. खुर्ची पुढे ओढत त्याने डाव्या हातात तार धरली. "मी ताणून धरतो. तू फिरव."

जनरेटर बसवायला दोघं वाडीवर गेली. सयाजीने पाणी सोडलं, टर्बाइन घरघरलं. भर उन्हात दिवा लागलाय की नाही तेच कळेना. एका म्हातारीने दोन्ही तळव्यांची ओंजळ बल्बभोवती धरली, आत डोकावली आणि ओरडली, "लागला गं!"

मग मरियमजवळ येऊन विचारलं, "बाय, तू केलंस?"

मरियमने हसनकडे बोट दाखवलं.

"नाय, हिनंच केलं," हसन म्हणाला.

दुकान विकलं नाही. रोज सकाळी मरियम त्याच्या शर्टाची बटणं लावून देते आणि दोघं रबाळ्याला जातात.