तांबूला टोचलं तो आठवडा

सोमवारी दुपारी आळीतल्या बायका आमच्या ओटीवर पोथीला जमतात. पोथी अर्ध्या तासात आटोपते, पण उठायचं कुणी नाव काढत नाही. पोथी मिटली की गोष्टी उघडतात! पोथीतली कथा दरवर्षी तेवढीच असते. आळीतल्या मात्र सांगता सांगता वाढतात. कुणाच्या वाट्याला जावयाची गोष्ट, कुणाच्या वाट्याला फणसाची. आमच्या घराच्या वाट्याला आली ती कुत्र्याची.

तांबू आमचा कुत्रा. रंग अस्सल जांभ्या चिऱ्याचा, म्हणून तांबू. त्या वर्षी शिमगा झाल्यावर खालच्या आळीत एक पिसाळलेला कुत्रा शिरला आणि वासराला चावला. वासरू आठ-पंधरा दिवसांत गेलं. लगेच म्युनिसिपालिटीची दवंडी फिरली, की जो कुत्रा संशयित दिसेल तो मारला जाईल, मग तो पाळीव असो की मोकाट.

आमचे हे कचेरीत कारकून. तिथं ह्यांनी ऐकलं की कुत्र्यानं पिसाळू नये म्हणून हल्ली इंजेक्शन निघालंय, मुंबईहून बोटीनं मागवता येतं. ह्यांनी त्याच संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांना रीतसर अर्ज लिहिला. डॉक्टर राहायचे आमच्यापासून चार घरं टाकून. पण अर्ज तो अर्ज!

शेजारच्या दुर्गाकाकूंना हे कळलं. त्या म्हणाल्या, "माणसांना देवी टोचायला आले होते तेव्हा आमचं ध्यान माळ्यावर चढून बसलं होतं. आणि तुमच्याकडे कुत्र्यासाठी अर्ज! नशीब हो एकेकाचं."

* * *

डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण, फार सज्जन. पण जन्म गेलेला बैलांत. सोमवारी सकाळी पिशवी घेऊन आले. हे तांबूचं तोंड धरून बसले, मी पाठीवरून हात फिरवत होत्ये. डॉक्टर मात्र जवळ येईनात. एकदा डावीकडून गेले, एकदा उजवीकडून, मग लांबून वळसा घालून त्याच्या खांद्यापाशी अंग चोरून उभे राहिले.

दुर्गाकाकू मधल्या दगडी गडग्यापलीकडून बघत होत्या. त्यांना राहवलं नाही. "अहो डॉक्टर, त्याला शिंगं नाहीत हो!"

"सवय, काकू," डॉक्टर म्हणाले, "आणि लाथेचाही अंदाज घ्यावा लागतो."

सुई टोचली तेव्हा तांबूनं फक्त कान हलवला. डॉक्टर जाताना सांगून गेले, "एखाद-दोन दिवस मलूल राहील. कधी कधी सूज येते, उलटी होते. त्याला रिअॅक्शन म्हणतात. घाबरू नका, पण लक्ष ठेवा." आणि ते तसेच तरीच्या होडीनं खाडीपलीकडे, मालगुंडच्या बाजूला गेले. तिथं बैलांत साथ होती.

* * *

लक्ष ठेवलं ते कसं ठेवलं तेही सांगत्ये.

तो सोमवार, म्हणजे माझा उपास. माझे सोळा सोमवार चालले होते. आता खोटं वाटेल, पण तांबूही माझ्याबरोबर सोमवार धरायचा. कुणी शिकवलं नव्हतं. घरात सगळी जेवून उठली तरी हा माझ्याकडे बघत बसून राही, आणि दिवेलागणीला मी पानावर बसल्ये की मग माझ्यातला घास खाई. सासूबाई म्हणायच्या, "पूर्वजन्मीचा कुणी भटजी असेल, खाण्यावरून तसाच दिसतो."

तर त्या दिवशी दुपारी त्यानं भाताला तोंड लावलं नाही. कुणाला काहीच वाटलं नाही. उलट मी कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, "बघा, सुई टोचून घेतली तरी व्रत मोडलं नाही त्यानं!"

दिवेलागणीला मी उपास सोडला. घास हातात घेऊन हाक मारली. तांबू आलाच नाही.

मी तिथल्या तिथं हात जोडले, की हा बरा होऊ दे, आणखी पाच सोमवार करीन.

हे म्हणाले, "म्हणजे त्याचेही पाच उपास वाढवलेस!"

* * *

मंगळवारी सकाळी बघतो तर तांबूचं तोंड फणसासारखं सुजलेलं. एक डोळा मिटलेला. दोनदा ओकला. पोटावर चट्टे.

दुर्गाकाकू आल्या, त्यांनी लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला, "देवी टोचल्यात ना? मग देवी आल्या. त्यात विचारायचं काय!"

एकदा देवी आल्या म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानं आलं. तांबूखाली कडुलिंबाचा पाला अंथरला. दाराला डहाळी लावली. घरात तळण बंद, फोडणी बंद. चरचर आवाज झाला की देवी कोपते ना! तीन दिवस आम्ही बिनफोडणीचं वरण आणि उकडलेली केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी पान वाढलं तेव्हा हे पडवीकडे तोंड करून म्हणाले, "तांबोबा, लवकर बरे व्हा. आमच्यावर कृपा करा."

मला हसू आलं खरं, पण ते टिकलं नाही. पाला होता तसाच होता. तांबू त्यावरून उठतच नव्हता.

* * *

ह्यांनी मंगळवारीच डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली होती. म्हणजे अर्जच. "सदर कुत्र्यास टोचल्यापासून सूज व वांती होत असून..." असा. पलीकडे जाणाऱ्या एका गाडीवानानं ती नेली. बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं. डॉक्टरांचं अक्षर बैलासारखंच, वाट फुटेल तिकडे जाणारं.

त्यात लिहिलं होतं, "बहुधा रिअॅक्शन आहे, उतरेल. सावलीत ठेवा, पाणी द्या. अन्नाची घाई करू नका. मात्र आधीच कुठे चावा बसलेला असेल तर ते इंजेक्शनानं थांबेल असं सांगता येत नाही. चवताळला, लाळ गाळू लागला, पाण्याला बिचकला, तर कुणीही जवळ जाऊ नये. बांधून ठेवा. मी शुक्रवारी येतो."

ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं. गडग्यापलीकडे दुर्गाकाकू वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हो, पण पोटात गोष्ट राहायची नाही. गुरुवारी उजाडेपर्यंत आळीभर झालं, तांबू पाण्याला बिचकला!

तो बिचकला होता कुठं? सूज थोडी उतरली होती, जिभेनं करवंटीतलं पाणी चाटत होता. पण आळीला कोण सांगणार?

* * *

गुरुवारी सकाळी सखाराम दारात. म्युनिसिपालिटीचा शिपाई. खांद्याला दांडका, हातात कागद. ह्याच सखारामला दर दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. तो अंगणात येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"हुकूम हाय वैनीनू, माझा काय चालनार? सायबानं सांगितलानी, कुत्र्याफुडं पानी ठेवायचा. प्याला तर सोडायचा. नाय प्याला तर..."

साहेब म्हणजे नवे सॅनिटरी इन्स्पेक्टर. माणूस कडक. गावात त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

हे गडबडीनं आत गेले, आणि हाताला लागली ती तांब्याची भरलेली कळशी उचलून घेऊन आले. ती पडवीत बांधलेल्या तांबूपुढे ठेवली. तांबूनं कळशी पाहिली मात्र, शेपूट पोटात घातली, गुरगुरला आणि दावं ताणून मागे सरला!

सखारामचा चेहरा उतरला. दुर्गाकाकूंनी गडग्यावरून "अगो बाई!" केलं.

मी कळशीकडे पाहिलं आणि मला उलगडा झाला. ती सासूबाईंची सोवळ्याची कळशी. तांबू पिल्लू असताना एकदा तिच्यात तोंड घालायला गेला होता. सासूबाईंनी फुंकणी अशी हाणली होती, की त्यानंतर ती कळशी दिसली तरी तो अंगण सोडून पळे.

मी हे सखारामला सांगितलं. तो म्हणाला, "खरा असल वैनी. पन मी सांगून सायबाला पटल काय? आनि मना लिवायला येत नाय. कागूद रावसायबांनी लिवावा."

रावसायब म्हणजे आमचे हे. आता ह्यांचा स्वभाव असा, की कचेरीच्या कागदावर खोटं अक्षर लिहायचं नाही. मला वाटलं, संपलं. हे ओटीवर बसले, टाक घेतला आणि लिहिलं, "सदर कुत्र्यापुढे पाणी ठेविले असता तो मागे सरला. तथापि पाणी सोवळ्याचे होते."

सखाराम कागद घेऊन गेला. तासाभरानं तोच कागद परत आला. खाली साहेबांच्या हातचा शेरा, "ओवळे पाणी ठेवून उद्या सकाळी फेरपाहणी करावी."

* * *

फेरपाहणीला आठ वाजता निम्मी आळी जमली. पण पाणी कुठलं द्यायचं? सासूबाई दारात आडव्या. नैवेद्य होईपर्यंत आमच्या घरात थेंबभर पाणी ओवळं नसतं.

"बारापर्यंत थांबा म्हणावं त्याला," सासूबाई म्हणाल्या.

सखाराम म्हणाला, "आजीनू, कागदावर सकाळ लिवलेली हाय."

तेवढ्यात दुर्गाकाकू बादली घेऊन गडगा ओलांडून आल्या. "घ्या! आमच्याकडे हवं तेवढं ओवळं आहे!"

तांबूची करवंटी भरली. त्यानं आधी सखारामकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मान खाली घालून तसाच पडून राहिला. सखारामनं दांडका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी मनातल्या मनात नाव घेत होत्ये. किती वेळ गेला देव जाणे.

मग तांबू उठला. चारही पाय लटपटत होते. करवंटीपाशी आला आणि लपालपा प्यायला लागला. सगळी करवंटी रिकामी केली, चाटूनसुद्धा घेतली.

"प्याला! प्याला!" सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो सखाराम. मग त्याला आठवलं, आपण ड्यूटीवर आहोत.

सासूबाई आत वळल्या. आतून त्यांचा आवाज आला, "आता तरी फोडणी घाला गो कुणीतरी."

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी तांबूला तपासलं, तोंड उघडून पाहिलं, हात धुतले. म्हणाले, "रिअॅक्शनच. ह्यापुढे ह्याला टोचायचं झालं तर मला आधी सांगा, मी इथंच बसून राहीन." आणि जाताना सवयीनं तांबूच्या मागून लांबचा वळसा घालून गेले.

* * *

पुढच्या सोमवारी मी तांबूसाठी नारळ घेऊन देवळात गेल्ये. आमच्याकडे नवस फेडायचा तर नुसता नारळ ठेवून भागत नाही. गुरव देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, कुणाचा नवस, कशासाठी, सगळं मोठ्यानं सांगतो. आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवाला आणि गावाला एकदमच कळतं.

माझ्या पुढे सखाराम उभा होता. डोकीला धुतलेलं मुंडासं, हातात नारळ. मला पाहून तो चपापला. मी विचारलं, "काय रे सखाराम, घरी बरी आहेत ना सगळी?"

"बरी हायत वैनी. ह्यो माझा... आपला असाच." मग तो गुरवाच्या कानाशी लागला. "दादा, माझा गाऱ्हाणा मनातल्या मनात घाला."

गुरव म्हातारा. तो भडकला. "मनातल्या मनात? आजपतुर कुनी घातलान काय? देवाला ऐकू नको जायला?"

"अवो, हळू! हुकूम मोडावा म्हनून बोललेला नवस हाय. सायबाच्या कानावर गेला तर नोकरी जायल माझी."

"देव मोठा का सायब मोठा?" गुरवानं नारळ घेतला, देवाकडे तोंड केलं आणि सगळ्या सभामंडपात घुमेल असा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान गुरवारी तुजा नाव घेतलान. हातात सरकारी हुकूम व्हता, मुक्या जनावरावर दांडका उचलायचा व्हता."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. सखारामनं डोळे गच्च मिटले.

"ती पाळी तू येव दिली नायस. ह्यो नारळ मान्य करून घे, आनि ह्याची भाकरी संबाळ, म्हाराजा!"

"होय महाराजा!"

ह्या वेळी एक आवाज सगळ्यांच्या वर आला. शुद्ध, खणखणीत, कचेरीतला. आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

खांबाशी इन्स्पेक्टरसाहेब उभे होते. बूट बाहेर काढलेले, टोपी काखेत, आणि दोन्ही हातांत शेंडीचा नारळ.