तीन भाषांची एक चाल

त्रिंबकचे कान गेले म्हणावं, तर पुरते गेलेही नव्हते. गेले असते तर बरं झालं असतं, एकदाचं सांगून तरी टाकता आलं असतं. चाल ऐकू यायची, ढोलकी ऐकू यायची. शब्द तेवढे विरघळून जायचे. आणि लग्नाच्या मांडवांना लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या दुकानात रेकॉर्डी लावणाऱ्याला शब्दच कळत नाहीत, हे मालकाच्या कानावर गेलं तर घरची चूल कशावर पेटणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो बायकोलाही बोलला नव्हता.

त्यात पंच्याहत्तर सालच्या लग्नसराईच्या तोंडावर दुकानावरच्या खोलीतला नळ उघडा राहिला, पाणी फळ्यांवर गळलं आणि रेकॉर्डींची लेबलं सुटून आली. कंपन्याही अशा, की चाल एक, गाणारी एक, अन् गाणी मराठीत, कानडीत, तेलुगूत. सोलापुरात तिन्ही खपतात ना. मालक रावजी म्हणाले, "एकेक वाजवून बघ, भाषेची चिठ्ठी चिकटव अन् गठ्ठे लाव."

वाजवून बघ म्हणे. म्हणायला काय जातं.

समोरच्या कट्ट्यावर पार्वतम्मा आणि जगदेवी विड्या वळत बसायच्या. पार्वतम्मा विणकराच्या घरातली, तेलुगू. जगदेवी अक्कलकोटकडची, कानडी. आपल्या भाषेतलं गाणं लागलं की हातांबरोबर ओठही चालायचे. त्रिंबकनं तेच धरलं. पार्वतम्माचे ओठ हलले, तेलुगू. जगदेवीचे हलले, कानडी. दोघी गप्प, तर मराठी. गठ्ठे लागत गेले.

आणि व्हायचं ते झालंच. करकंबच्या एका मांडवात, चांगल्या मराठी घरात, हळदीला तेलुगू गाणं वाजलं. पाहुणे हसले, वरबाप भडकला, चार माणसांत रावजींची शोभा झाली. ते त्रिंबकच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले. "कान कुटं ठिवले हुतेस? परत असं झालं तर घरीच बस."

त्रिंबकला काही उमजेना. ती रेकॉर्ड दुकानात लावली तेव्हा पार्वतम्मा गप्प होती, त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारी पार्वतम्मा कारखान्यात विड्या द्यायला गेलेली बघून तो जगदेवीसमोर बसला. समोरासमोर बोललं की ओठांवरून त्याला कळायचं. पार्वतम्मा लग्नाची गाणी म्हणत नाही का, त्यानं आडून विचारलं.

"ती कशी म्हणंल? नवरा गेल्यापासनं लग्नाचं गाणं तोंडात घेत न्हाय ती. रांडमुंड बाईनं म्हणायचं नसतंय की."

लग्नाच्या रेकॉर्डींचा ढीग अजून तसाच पडला होता, आणि लावलेल्या चिठ्ठ्यांवरही आता भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रावजी गल्ल्यावर येऊन बसले, बघत. त्रिंबकनं हळदीचं गाणं लावलं. दोघी गप्प. हातातली चिठ्ठी कोरीच राहिली. गाणं संपलं, त्यानं तेच पुन्हा लावलं. रावजींच्या कपाळाला आठी पडली.

पार्वतम्मानं मान वर केली. कालचा प्रश्न जगदेवीनं तिला सांगितला असणारच. तिनं त्रिंबककडे बघितलं, त्याची नजर आपल्या तोंडावर खिळलेली बघितली, मग रावजींकडे बघितलं. मांडीवरचं तंबाखूचं सूप तिनं खाली ठेवलं आणि गाणं म्हणायला लागली.

"अगं, काय करतीस?" जगदेवीनं तिचं कोपर धरलं.

पार्वतम्मानं कोपर सोडवून घेतलं आणि म्हणत राहिली, एकेक शब्द तोंड मोठं उघडून, त्रिंबकला दिसेल असा.