सेपेलिनीने आणलेलं बाळंतिणींचं घर

माझी मावसबहीण सेपेलिनी राजधानीत, फुनाफुतीला, आरोग्य खात्यात नियोजनाचं काम करते. देशाचा पुढच्या दहा वर्षांचा आरोग्य आराखडा करायचा ठरला, तेव्हा बेटाबेटांवर जाऊन लोकांचं ऐकून यायला तिला धाडलं. बोट लागून अर्धमेली झालेली सेपेलिनी आमच्या निउताओ बेटावर उतरली.

सभागृहात सगळं बेट जमलं. तिनं विचारलं, "तब्येतीसाठी सरकारनं काय करावं?"

कुणी तोंड उघडेना. पाहुण्यापुढं गाऱ्हाणं मांडणं आमच्याकडे शोभत नाही. शेवटी म्हातारे मुखिया लागितुपु म्हणाले, "सगळं छान आहे पोरी. जेवून घे."

"आजोबा, एवढंच लिहून नेलं तर साहेब मला घरी बसवतील!"

लोक हसले आणि पानं मांडायला उठले.

जेवणं झाली. पुरुषांनी नाचाचा ताल बडवायचं लाकडी खोकं मधे ओढलं. आमच्याकडे बेटाच्या दोन बाजू चढाओढीनं नाचतात, हे तिला ठाऊकच होतं. ती उठून म्हणाली, "आज गाणी नवी रचा. काय हवं ते गाण्यात घाला. हरेल त्या बाजूनं उद्या मासे आणायचे!"

मग काय विचारता! आमच्या बाजूनं गायलं: दातांचा डॉक्टर येईतो दात आपसूक पडतो. लोक खोकं बडवून लोळायचे बाकी राहिले.

समोरच्या बाजूची पासेमेता उठली. इस्पितळ राजधानीतच, म्हणून बाळंतपणासाठी तिथं जाऊन नातलगाच्या ओसरीवर आठवडेच्या आठवडे काढायचे, याची तिनं नक्कल केली. कमरेवर हात, भुवया वर: "काय गं, अजून नाहीच का झालं? चटई अडकून पडलीय आमची!" बायकांना हसून हसून रडू आलं.

सेपेलिनीनं विचारलं, "वहिनी, हे खरंच घडलं?"

"घडलं म्हणजे? जावेनं रोज ऐकवलं! हिला विचार, हिलाही विचार." आणि मग एकेक बाई बोलत सुटली. पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. मासे अर्थात आम्हालाच आणावे लागले.

खात्याच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "इस्पितळाशेजारी बाळंतिणींसाठी घर? हे कुठून आलं?" सेपेलिनीनं सरळ उठून पासेमेताची नक्कल केली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची आईही राजधानीपासून लांबच्या बेटावरचीच. कलम आराखड्यात गेलं, आणि मागेपुढे करत का होईना, घर उभं राहिलं.

पासेमेताचं तिसरं तिथंच झालं. ती परतली तेव्हा नवरा होडी घेऊन, मोठी बोट थांबते त्या खडकापर्यंत गेला होता.

"त्रास झाला का गं?"

"कसला त्रास! सहा बेटांच्या बायका, रोज नवं कालवण, आयतं पाणी. जरा लवकरच झाली ही कार्टी. अजून आठवडाभर राहिले असते."

नवऱ्यानं मुलीला छातीशी धरलं आणि वल्हं बायकोच्या हातात दिलं.